हाडे धड आहेत

गाणे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने विजेच्या यंत्रावर लेख लिहावा, हा थोडा आगाऊपणाच आहे. तंबोऱ्याची जवारी लावता आली म्हणून कंडेन्सरची पारख येते असे नव्हे. परंतु गेले दोन महिने आमच्या घरात, शिकवणीच्या खोलीत आणि रावपुऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात एकाच प्रश्नाचा खल चालला होता, आणि तो प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. एके काळची उंची वस्तू मोडक्या अवस्थेत समोर आली, तर ती घेऊन दुरुस्त करावी की हात जोडून पुढे जावे, हा पेच बडोद्यासारख्या जुन्या गावात पुष्कळांना पडतो. म्हणून माझा जमाखर्च वाचकांपुढे ठेवतो.

दांडिया बाजाराच्या बाजूचा एक जुना वाडा नुकताच विकला गेला. वाड्यातले आजोबा तरुणपणी विलायतेत शिकून १९६० च्या सुमारास परतले, तेव्हा पुस्तकांबरोबर गाणे ऐकण्याचा सगळा सरंजाम बोटीने घेऊन आले होते. ते गेले, त्यांचा मुलगाही गेला. नातू परदेशी असतो. तो घर रिकामे करायला पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. माझा एक विद्यार्थी त्याच गल्लीत राहतो. दिवसा पॉलिटेक्निकमध्ये विजेचे शास्त्र शिकतो आणि संध्याकाळी माझ्याकडे ख्याल. एका दुपारी तो धापा टाकीत आला.

"सर, माळ्यावर लीकचा स्टिरिओ ट्वेंटी आहे! भंगारवाला वजनावर मागतोय. चला लवकर."

हे नाव मी ऐकून होतो. लंडनच्या हॅरॉल्ड लीक यांनी १९३४ साली आपला कारखाना काढला. आवाज मोठा करताना त्यात जी विकृती शिरते, ती एक दशांश टक्क्यापर्यंत खाली आणणारा ॲम्प्लिफायर त्यांनी १९४५ मध्ये पुढे आणला, आणि त्या आकड्यावरूनच त्याचे नाव 'पॉइंट वन' ठेवले. पुढे १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ हा स्टिरिओ ट्वेंटी आला. त्यात शक्तीचे चार ईएल८४ व्हॉल्व्ह, लहान तीन, आणि वीज सरळ करणारा एक. प्रत्येक बाजूला दहा-अकरा वॉट. आजच्या जाहिरातींत हजारांनी वॉट मोजतात. त्यापुढे हा आकडा गरीब वाटेल, पण बारा फूट रुंद खोलीत एक तंबोरा, एक तबला आणि एक गळा यांना तो भरून उरतो.

स्टिरिओ म्हणजे काय, हे आमच्या वर्गातल्या मुलांना मी असे सांगतो. तबकडीवरच्या खाचेला दोन भिंती असतात. जुन्या तबकडीत दोन्ही भिंती मिळून एकच गोष्ट सांगतात. स्टिरिओ तबकडीत डाव्या कानाची हकीकत एका भिंतीवर आणि उजव्या कानाची दुसऱ्या भिंतीवर कोरलेली असते. सुई एकच, पण ती दोन साक्षी एकदम नोंदवते. अशा रीतीने खाच कोरण्याची कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियराने १९३१ सालीच मांडली होती. ती घरोघर पोचायला सत्तावीस वर्षे गेली.

आता बडोदेकराच्या दृष्टीने यातली गंमत पाहा. आफताब-ए-मौसिकी फैयाझखाँसाहेब ५ नोव्हेंबर १९५० रोजी पैगंबरवासी झाले. म्हणजे आमच्या शहराचे सर्वांत मोठे गाणे जे काही तबकड्यांवर उरले आहे, ते सगळे एकवाटी. त्यांच्यासाठी दोन बाजूंच्या ॲम्प्लिफायरची काडीमात्र गरज नाही. मग मी त्या वाड्याकडे लगबगीने का गेलो? त्याचे कारण माझ्या घरातल्या कपाटात आहे. ते पुढे सांगतो.

वाड्याच्या ओटीवर तो ठेवला होता. सोनेरी-तपकिरी पत्र्याची बैठी पेटी, वर काळ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरांची रांग, आणि व्हॉल्व्हच्या काचांवर बोटभर धूळ. शेजारी बटणांची वेगळी पेटी आणि रेकॉर्ड फिरवणारे गॅरार्डचे यंत्र. स्पीकरांच्या लाकडाचा वाळवीने भुगा केला होता. भंगारवाल्याने सगळ्याचे बाराशे सांगितले होते. पण नातवाने तोवर विलायतेतले भाव पाहून घेतले होते. त्याने वीस हजार सांगितले.

"चालू आहे का?" मी विचारले.

"आजोबांच्या वेळी होता," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तीस वर्षे पडून असलेले यंत्र 'चालते का पाहू' म्हणून एकदम भिंतीतल्या विजेला जोडू नये, एवढी अक्कल माझ्या विद्यार्थ्याला होती. नातवाची परवानगी घेऊन आम्ही रावपुऱ्यातल्या काकांना बोलावून आणले. काकांचे वय शहात्तर. सोळाव्या वर्षी व्हॉल्व्हच्या रेडिओपाशी बसले ते आजवर उठलेले नाहीत. मुलगा मोबाइलची दुकानदारी करतो आणि मागच्या टेबलावर काका आपले जग सांभाळतात.

काकांनी आधी एकेक व्हॉल्व्ह उपटून रुमालावर मांडला. मग शंभर वॉटचा जुना दिवा यंत्राच्या वाटेत जोडून दिला. यंत्रात कुठे वीज थेट एकमेकींना भिडत असेल, तर दिवा लखलखीत पेटतो आणि यंत्र वाचते. आमचा दिवा क्षणभर लाल झाला आणि मंदावला. काकांनी मान हलवली. नंतर प्लग काढून त्यांनी मीटरच्या सळयांनी दोन्ही बाजूंच्या ट्रान्सफॉर्मरांच्या गुंडाळ्या मोजल्या. आकडे दोन्हीकडे जवळजवळ सारखे आले. हे सगळे करताना त्यांचा डावा हात खिशात होता. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "यात तीनशे व्होल्ट फिरतात, मास्तर. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. दोन हात आत गेले की वीज छातीतून जाते. एक हात नेहमी खिशात."

शेवटी उठून हात झटकत ते आपल्या गुजरातीत म्हणाले, "हाडकां साजां छे."

हाडे धड आहेत. या एका वाक्यात जुन्या यंत्राची सगळी परीक्षा आली. ट्रान्सफॉर्मर हे त्याचे हाड. ते जळाले असतील तर तसेच पुन्हा गुंडाळून देणारा माणूस मिळणे कठीण, आणि मिळाला तरी खर्च यंत्राच्या किमतीवर जातो. बाकी सगळे बदलण्यासाठीच असते. कंडेन्सर साठ वर्षांत सुकतात, हा कोणा कारखान्याचा दोष नाही, काळाचा आहे. त्यातही दोन टप्प्यांमधला एखादा कंडेन्सर झिरपू लागला, तर पुढच्या व्हॉल्व्हला नको ती वीज पोचते, त्याची पत्री लाल होते आणि अखेर ट्रान्सफॉर्मर घेऊन तो मरतो. म्हणून ते न तपासताच नवे घालायचे. ईएल८४ व्हॉल्व्ह अजून स्लोव्हाकियात आणि रशियात तयार होतात, मागवले तर मिळतात. काकांनी अंदाज सांगितला: सगळे कंडेन्सर, दोन व्हॉल्व्ह, खरखरणारी बटणे, तीन पिनांची नवी दोरी आणि रेकॉर्डची सुई मिळून दहा हजार. त्यांची मजुरी त्यातच.

घरी येऊन मी हिशेब मांडला. घासाघीस करून सोळा हजारांवर सौदा तुटला, तरी एकूण सव्वीस. शिकवणीच्या पैशावर चालणाऱ्या घरात हा आकडा लहान नव्हे. सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला.

"अहो, बाबांची सारंगी चौदा वर्षं गवसणीत पडलीय. तिचं चामडं फाटलंय. ती आधी नको का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझे वडील १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आजोबांचे बोट धरून बडोद्याच्या कलावंत कारखान्यात सारंगीवर रुजू झाले. कारखाना हा शब्द नव्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. दरबारच्या गवय्या-वाजवय्यांचे ते खातेच होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि बाबांची दरबारची नोकरी तिथेच आटोपली. अवघी तीन वर्षांची चाकरी. पण पुढची साठ वर्षे लोक त्यांना 'दरबारचे कलावंत' म्हणूनच ओळखत राहिले. त्यानंतर त्यांनी जन्मभर साथ केली. मला त्यांनी सारंगी शिकवली नाही. नखांच्या मुळाशी पडलेले घट्टे दाखवून म्हणत, "हे तुला नको. तू गा." त्यांच्या डोळ्यांदेखत पेटीने सारंगीची जागा घेतली होती, मुलाला त्या वाटेला लावायचे नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते. २०११ साली ते गेले.

सत्तरच्या दशकातल्या एका स्टिरिओ तबकडीवर त्यांची साथ आहे. गाणाऱ्या बाई थोर होत्या. वेष्टनावर त्यांचे नाव आहे, रागांची नावे आहेत, छायाचित्र आहे. साथीदारांची नावे नाहीत. त्या काळी पुष्कळदा असेच होई. आमच्या घरात झाकणात एकच स्पीकर असलेला जुना रेकॉर्ड-प्लेयर होता. त्यावर ही तबकडी मी लहानपणापासून ऐकली. त्यात सारंगी होती, पण बाईंच्या आवाजामागे, भिंतीपलीकडे कोणी हलक्याने बोलावे तशी. कपाटातले कारण ते हेच. दोन वाटा वेगळ्या झाल्या तर बाबा ऐकू येतील, ही आशा मला वाड्याकडे घेऊन गेली होती.

पण आशेवर सव्वीस हजार घालण्याआधी खात्री करावी, म्हणून मी तबकडी घेऊन एका स्नेह्याकडे गेलो. त्याच्याकडे आजचा, वहीएवढा, सात हजारांचा ॲम्प्लिफायर आहे, आणि बऱ्यापैकी दोन स्पीकर. सुई टेकली, तंबोरे उघडले, बाई मधोमध येऊन बसल्या. आणि डाव्या हाताला, थोडे मागे, सारंगी बसली होती. बसली होती असेच म्हणावे लागेल. तिला जागा होती.

स्नेह्याने बटण डावीकडे फिरवले. उजवा स्पीकर मिटला. पेटी आणि तबला विरले, बाईंचा आवाज अर्धा झाला आणि गजाची घासणी, तरफांची मागाहून उमटणारी झणक, सगळे पुढे आले. विलंबितात बाईंनी एक लांब आलाप घेतला. बाबा त्यांच्या मागोमाग निघाले, किंचित उशिरा, मुद्दाम उशिरा. एका ठिकाणी बाईंचा श्वास तुटला. तिथे बाबांनी तोच स्वर धरून ठेवला आणि त्या परत येताच सोडून दिला. एवढी वर्षे ती तबकडी ऐकून मला ठाऊक नव्हते की तिथे श्वास तुटला होता.

मी खूप वेळ काही बोललो नाही. मग मला अवघडल्यासारखे झाले. ज्या माणसाने जन्मभर गवयाच्या अर्धे पाऊल मागे राहण्याची कला सांभाळली, त्याला मी एका बटणाने कॉलर धरून पुढे ओढले होते. मी ते बटण पुन्हा मध्यावर आणले. सारंगी आपल्या जागी गेली. पण आता ती कुठे आहे हे मला ठाऊक होते, आणि तिथून ती स्पष्ट ऐकू येत होती.

वाचकहो, इथे हिशेब खरा करायला हवा. हे सगळे मला सात हजारांच्या नव्या पेटीने ऐकवले. स्टिरिओ तबकडी, चांगली सुई आणि नीट अंतरावर मांडलेले दोन स्पीकर, एवढ्याने काम झाले. दहा दिवसांच्या बोलीवर नातवाने तो जुना ॲम्प्लिफायर आणि त्याची बटणांची पेटी काकांकडे नेऊ दिली. त्यांनी दोन-चार कंडेन्सर तात्पुरते लावून तो बोलता केला, आणि तेच स्पीकर आळीपाळीने दोन्हींना जोडून मी माझ्या पाच विद्यार्थ्यांना डोळे मिटून बसवले. दोघांना फरक कळला नाही. दोघांना जुना अधिक गोड वाटला. एकीला नवा अधिक स्वच्छ वाटला, आणि तिचा कान वर्गात सर्वांत तयार आहे. १९४५ साली एक दशांश टक्का हा पराक्रम होता; आज साध्या यंत्रालाही तो जड नाही. व्हॉल्व्हच्या आवाजात काही जादू असते असे सांगून मी कोणाला सव्वीस हजार खर्चायला लावणार नाही. शिवाय बडोद्याच्या उन्हाळ्यात आठ व्हॉल्व्ह म्हणजे खोलीत ठेवलेली शेगडीच.

मग जुना कशाला? हा प्रश्न मी काकांनाच विचारला. त्यांनी उत्तर न देता यंत्र उलटे केले आणि खालचा पत्रा काढला. आत एका पट्टीवर सगळे भाग ओळीने डाग देऊन बसवले होते. प्रत्येक तार कुठून कुठे जाते हे माझ्यासारख्यालाही दिसत होते. मग त्यांनी टेबलाखालून माझीच एक पेटी काढली. गेल्या दहा वर्षांत मी वर्गासाठी अशा तीन पेट्या घेतल्या. तिन्ही मिळून वीस हजारांच्या पुढे गेल्या आणि एकेक तीन-चार वर्षांत मुकी झाली. तिच्या पोटात नखाएवढी काळी चकती होती. "ही गेली की सगळे गेले," काका म्हणाले. "हिला मी काय करू? याला मात्र शंभर वेळा उघडीन."

पण लगेच त्यांनीच दुसरा पत्ता टाकला. "मास्तर, मी शहात्तरचा आहे. हात कापायला लागलाय. सहा वर्षांनी हा बिघडला, तर कोण उघडणार?"

मला सौभाग्यवतींचा प्रश्न आठवला. सारंगीचे चामडे नवे चढवता येईल, तातही नवी मिळेल. पण मग ती वाजवणार कोण? आमच्या घरात ते हात राहिले नाहीत. बाबांनी माझ्या भल्यासाठी ठरवले आणि मी मान डोलावली. वस्तू शाबूत राहिली आणि विद्या गेली. काकांच्या टेबलावर तीच गोष्ट दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. हाडे धड होती. हात संपत आले होते.

जुनी वस्तू घेताना भाव विचारावा, हाडे तपासावीत, सुटे भाग मिळतात का पाहावे. हे सगळे आम्ही केले होते. तिची उस्तवार उद्या कोण करणार, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते. ज्याला मजुरी मिळायची त्यानेच ते विचारले. मी माझ्या विद्यार्थ्याकडे पाहिले. तो पॉलिटेक्निकमध्ये चकत्यांचे शास्त्र शिकतो. व्हॉल्व्ह त्याने पुस्तकात पाहिलेले.

"काका," मी म्हणालो, "दुरुस्ती हा करेल. तुम्ही शेजारी बसा. मजुरी तुमचीच."

काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "डाव्या हाताला खिसा आहे का?" एवढेच विचारले.

सौदा सोळा हजारांत झाला. दुरुस्तीला दहा दिवसांऐवजी पाच आठवडे लागले, कारण शिकणारा हात चुकतो. काकांनी त्याच्याकडून एक डाग तीनदा काढवून घेतला. विजेचा दाब निवडण्याची खूण आपल्या गावच्या विजेप्रमाणे लावून घेतली आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधी चालू करायचे नाही, हे पाठ करून घेतले. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर व्हॉल्व्ह चालवणे म्हणजे त्याचा जीव घेणे. मी संध्याकाळी तिथे जाऊन बसत असे. पलटे घोटून घेणारा मास्तर कसा दिसतो, ते मला प्रथमच बाहेरून दिसले.

पत्रा परत बसवण्याआधी त्याच्या आतल्या अंगावर मुलाला पेन्सिलीची अक्षरे दिसली. १९७४ सालची एक तारीख, दोन कंडेन्सर बदलल्याची नोंद आणि खाली पुसट सही. कोण होता तो, काकांनाही ओळखता आले नाही. "डाग मात्र साफ दिलेत," ते म्हणाले, आणि पेन्सिल मुलाच्या हाती दिली. त्याने खाली तारीख लिहिली, काय काय बदलले ते लिहिले, काकांचे नाव लिहिले. काकांनी डोळे वटारले तेव्हा स्वतःचेही लिहिले.

आता तो माझ्या शिकवणीच्या खोलीत आहे. उन्हाळ्यात दुपारी तो लावायचा नाही, असा सौभाग्यवतींशी तह झाला आहे. सारंगी अजून गवसणीत आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. पण यंत्र घरी आले त्या रात्री मी ती तबकडी बाहेर काढली, बटण मध्यावर ठेवून एकदा पूर्ण ऐकली, आणि वेष्टनाच्या मागच्या बाजूला, रागांच्या नावांखाली, पेन्सिलीने लिहिले: सारंगी. आणि पुढे बाबांचे नाव.